आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत

ही गोष्ट खरी आहे.

अशा पानांवर रोज कुणीतरी असंच म्हणतं, मला ठाऊक आहे. मीही वाचते ना, कुकर होईपर्यंत. त्यातल्या निम्म्या मला पटत नाहीत. ही तुम्हाला नाही पटली तर सोडून द्या. पण खोटी म्हणू नका. या गोष्टीतली एक बाई मेलेली आहे, आणि तिच्याबद्दल आधीच पुष्कळ खोटं बोलून झालंय.

मागचा जानेवारी. मंगळवारची संध्याकाळ.

धुकं इतकं, की मेट्रोतून उतरले तर समोरचा मॉल दिसेना. नुसती त्याची पाटी हवेत लटकलेली. फरीदाबादकडचा मॉल. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते वकील पाठवतील आणि तुम्ही तिकीट काढाल. मला दोन्ही नको आहे.

मॉलच्या तळघरात मत्स्यालय आहे. तिथे माझी भाची देविका गाइड होती. बहिणीची मुलगी. गाज़ियाबादला जन्मली, तिथेच वाढली, आणि नोकरी लागल्यापासून दिल्लीत मयूर विहारला आमच्याकडे राहते. पोरगी गुणी आहे. मराठी मात्र खिचडी. “मावशी, माझा चार्जर भेटत नाहीये.” मी म्हणते, चार्जर कशाला भेटेल, तो काय तुझा मित्र आहे?

रोज सकाळी दारात आमचं एक भांडण ठरलेलं.

“मावशी, मी जाते!”

“जाते म्हणू नये. येते म्हण.”

“पण मी तर जातेय ना यार!”

“आमच्यात जाते म्हणत नाहीत. घरातून निघालेलं माणूस परत यायचं असतं. म्हणून येते म्हणायचं.”

“बरं बाई. येते, येते, येते. चलो!”

हे भांडण लक्षात ठेवा. पुढे लागेल.

तर देविकाने मला पास आणला. पडद्यामागची टूर. लोक काचेसमोर उभे राहून मासे बघतात, त्याच्या मागच्या बाजूला नेतात. माशांचं स्वयंपाकघर दाखवतात, टाकीच्या वर उभं करतात, शेवटी एका प्राण्याला हात लावू देतात. मला मिळालेले गमबूट दोन्ही डाव्या पायाचे होते. बदलून मागितले तर म्हणाले, “मॅम, थोडी देर की तो बात है.”

स्वयंपाकघर माझ्यापेक्षा स्वच्छ. स्टीलच्या ट्रेमध्ये चिरलेले माकूळ मासे, एकसारखे. मग जाळीचा पूल, आणि पायाखाली शार्क. गाज़ियाबादचं एक कुटुंब सेल्फी काढत होतं आणि मी कठडा सोडत नव्हते. तोवर मजा होती, खोटं कशाला बोलू.

मग पाकटींची खोली. पाकट म्हणजे तो पंखासारखा पसरट, चाबकासारख्या शेपटीचा मासा.

बुटकी खोली. दमट. आणि गार... बाहेरच्या जानेवारीपेक्षा गार. मधोमध कमरेएवढा गोल निळा हौद, भिंतीला पंप, त्यांची घरघर एवढी की देविकाला ओरडून बोलावं लागत होतं. खोलीला दोन दारं. आम्ही आलो ते पुढचं, जाड लोखंडी. दुसरं मागचं, फक्त स्टाफसाठी.

पाकट मी कोकणात बाजारात पाहिलेली, शेपटी छाटून ठेवलेली. जिवंत पहिल्यांदाच. देविका म्हणाली, हात पाण्यात सपाट ठेव. ठेवला. एक पाकट पंख हलवत आली आणि तळहाताखालून सरकून गेली. नुकतं सोललेलं उकडलेलं अंडं असतं ना, तशी गुळगुळीत. मग तीच परत आली. पुन्हा हाताखाली. मला भरूनच आलं एकदम. आता या वयात कशानेही येतं.

पाकटीचं पोट बघितलं की ती हसतेय असं वाटतं. ती हसत नसते, तोंडच तसं असतं. तशी माणसंही असतात. त्यातलं एक मॅनेजर होऊन आमच्या बाजूला उभं होतं.

त्याने मान हलवली, तशी देविका पाठ केलेलं बोलू लागली.

“हमारी एक दीदी थीं, वैजयंती दीदी. ये रेज़ उनकी बेबीज़ थीं. रोज़ घर जाते टाइम इनको मराठी में बाय बोलती थीं... येते! तो चलिए, सब मिलके?”

“येऽऽतेऽऽ!” सगळे ओरडले. पोरं, आया, सेल्फीवाले काका. समोर भिंतीवर तोच शब्द गुलाबी दिव्यांनी लिहिलेला, इंग्रजी अक्षरांत. त्याच्याखाली फोटो काढायची जागा.

मी नाही ओरडले. अंगावर काटा आला म्हणून नाही. राग आला म्हणून. येते हा काय ओरडायचा शब्द आहे? तो उंबऱ्यात, हळू, मागे वळून म्हणायचा शब्द आहे.

“‘थीं’ म्हणजे गं?” मी देविकाच्या कानात विचारलं.

“वारली ना, मावशी. माझ्या आधीची गोष्ट आहे. सर म्हणाले, घरीच हार्ट अटॅक आला.”

मग सगळे पुढे गेले. शेवटी भेटवस्तूंचं दुकान असतंच, तिकडे. देविका सगळ्यांत पुढे, हातात झेंडी घेऊन.

मी मागे राहिले. ती पाकट पुन्हा माझ्याकडे आली होती.

कुणी नव्हतं, म्हणून मी वाकले आणि आपण घरी म्हणतो तसं म्हटलं, “येते हं, बाळा.”

आणि पंप बंद पडले.

सगळे. एकदम.

एवढा वेळ घरघर चालू होती ती बंद झाल्यावर जी शांतता येते ना... कान दुखतात तिने.

हौदातलं पाणी स्थिर झालं. पाकटी खाली बसतील असं मला वाटलं. त्या वळल्या. सगळ्याच्या सगळ्या. पुढच्या दाराच्या बाजूला गेल्या, हौदाच्या भिंतीला पोटं लावून उभ्या राहिल्या, आणि नाकं पाण्याबाहेर काढली...

कुणीतरी दारापाशी असल्यासारख्या.

आणि आवाज आला.

“ये... इथे...”

बाईचा आवाज. दमलेला. मला वाटलं, देविका बोलावतेय.

“थांब गं, हे मेले बूट...” असं म्हणत मी वळले.

दार अर्धं उघडं. दारात कुणी नाही.

“ये... इथे...”

तेव्हा कळलं. आवाज दाराबाहेरून येत नव्हता. दाराच्या आतल्या बाजूने येत होता. खालून. जमिनीजवळून. आपण पडल्यावर आपलं तोंड जिथे असेल, तिथून.

तिथे नुसती ओली फरशी होती.

मी दोन डाव्या बुटांनिशी कशी पळाले, मला विचारू नका.

बाहेर बोळात स्टुलावर गार्ड बसले होते. रामफल नाव. हरियाणाचे, पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर. माझ्याकडे बघून ते घाबरले नाहीत. उठून स्टूल पुढे केलं.

“बैठो बहनजी. आपने भी सुना?”

मी मान हलवली.

“डरो मत. दीदी हैं. बाय बोलती हैं बस.” मग जरा थांबून म्हणाले, “आप मराठी हो के?”

हो म्हटल्यावर तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला आणि भडाभडा बोलला. किती दिवस कुणीतरी मराठी येईल म्हणून थांबला होता, देव जाणे. त्याचं सगळं बोलणं इथे हिंदीत लिहीत नाही. मतलब सांगते.

वैजयंती संध्याकाळी काम आटपलं की पाकटींना ‘येते’ म्हणायची आणि मागच्या दाराने स्टाफच्या खोलीकडे निघायची. ते दार आपोआप लागतं. रामफल बाहेर, पुढच्या दाराशी. पंपांच्या आवाजातून तिचं ‘येते’ ऐकू आलं की ते पुढच्या दाराला कुलूप घालायचे. रोजचं होतं. तोच त्यांचा इशारा.

त्याच्या आधीच्या होळीला, आदल्या संध्याकाळी त्यांनी ‘येते’ ऐकलं. कुलूप घातलं. घरी गेले.

होळीला मॉल बंद. पाकटींना खायला घालायला त्या दिवशी तिचीच एकटीची ड्यूटी, त्यामुळे ती कुठे आहे असं कुणी विचारलंच नाही. घरीही विचारणारं कुणी नव्हतं. नवऱ्यामागे एकटीच राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामफलनी कुलूप काढलं, तर दार उघडेना.

आतून ती दाराला टेकलेली होती.

पंपाशी चढायच्या शिडीवरून घसरली होती. पाय मोडला होता. मागच्या दारापर्यंत जाता आलं नाही, पुढच्या दारापर्यंत सरपटत आली होती. ओल्या कपड्यांत, त्या गारठ्यात. फोन पाण्याजवळ न्यायची बंदी, तो लॉकरमध्ये. आणि पुढच्या दाराचा आतला हँडल काढून टाकलेला. का, माहीत आहे? गेस्ट चुकून आतून दार उघडतात आणि टूरचा फ्लो बिघडतो.

फ्लो!

सरांनी, म्हणजे त्या मॅनेजरनेच, तिला घरी पोचवलं. म्हणजे तिच्या देहाला. घरीच अटॅक आला म्हणून सांगितलं. दूरचा कुणी पुतण्या आला, रडला, घेऊन गेला. रामफलना सांगितलं, नोकरी हवी असेल तर तोंड बंद.

“बाय तो बोला था उन्होंने, बहनजी,” रामफल म्हणाले. “मैंने अपने कानों से सुना. उसके बाद गिरी होंगी. है ना? बोलके, फिर गिरी होंगी.”

मी अर्ध्या उघड्या दाराकडे बघितलं.

“तब से रोज़ बोलती हैं. मैंने सर को बताया, तो वो हँसे. फिर टूर में डाल दिया.” ते माझ्याकडे बघत राहिले. “येते का मतलब बाय ही होता है ना?”

तुम्ही मराठी आहात. तुम्हाला कळलं असेल.

मला तेव्हा कळलं.

पंपांची घरघर. मध्ये लोखंडी दार. त्या बाजूला मोडलेल्या पायाची बाई. मार लागला की माणूस हिंदी बोलत नाही, आईच्या भाषेत बोलतं. ती म्हणत होती, ये. इथे. ये, इथे. आणि दाराच्या या बाजूला एक भला माणूस तो शब्द ऐकत होता जो तो रोज ऐकायचा.

येते.

त्याने कुलूप घातलं.

“बहनजी? बाय ही ना?”

मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, “हाँ भैया. येते मतलब बाय.” यात खोटं काही नव्हतं. त्याने शब्दाचा अर्थ विचारला होता, मी शब्दाचा अर्थ सांगितला.

ते हलके झाले. उठले. दार ओढून घेतलं. खिशातून कुलूप काढलं.

आत पंप सुरू झाले होते. त्या घरघरीतून...

“ये... इथे...”

रामफल हसले. “लो. बोल दिया. राम राम, दीदी.”

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी किल्ली फिरवली.

दार वाजलं. खालून. गुडघ्याच्याही खालून. एकदा... मग पुन्हा, हळू.

“खोलो!” मी किंचाळले. “भैया, खोलो, अभी खोलो!”

त्यांनी उघडलं. आत कुणी नव्हतं. पाकटी भिंतीला लागून तशाच उभ्या. रामफलनी काही विचारायच्या आत मी दाराची आतली बाजू बघितली. खाली, जमिनीपासून वीतभर वर, हाताचा पंजा उमटला होता. खारं पाणी वाळल्यावर डाग राहतो तसला पांढरा. मी पदराने पुसला.

निघाला नाही.

मग मी मॅनेजरकडे गेले. देविका “मावशी, प्लीज़ यार” करत मागे. मी सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, पण नीट. येते काय आणि ये इथे काय. त्याने ऐकून घेतलं. तोंड तसंच, पाकटीसारखं.

“मॅम, साउंड तो सेम ही है ना?”

मी म्हटलं, “तुमच्या बाबांनी तुम्हाला ‘बचाओ’ म्हणून हाक मारली आणि तुम्हाला ‘बजाओ’ ऐकू आलं, तर टाळ्या वाजवाल का?”

“मॅम, आप इमोशनल हो रही हैं. गेस्ट को ये पार्ट बहुत पसंद है.”

मी टेबलावरचा प्लास्टिकचा डॉल्फिन उचलला होता. देविकाने तो माझ्या हातातून काढून घेतला. अजून वाईट वाटतं की काढून घेतला.

परतताना मेट्रोत देविका माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “मावशी, येतेचा असली मीनिंग काय? बाय नाही ना?”

“परत येईन, असा आहे.”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे मी रोज एवढ्या लोकांना तिच्यासमोर उभं करायचे... ती म्हणायची, ये. आणि आम्ही सगळे म्हणायचो, येते, येते. आणि निघून जायचो.”

मी तिला जवळ घेतलं. डब्यातले लोक बघत होते. बघू देत.

पण ते वाक्य मला झोपू देईना. त्या बाईला रोज घोळका करून लोक सांगून जात होते, येते. आणि येत कुणीच नव्हतं. आणि त्यांत आता मीही होते. मीही म्हणाले होते. ओरडून नाही, मनापासून. घरच्यासारखं.

म्हटलं की यावं लागतं.

देविकाने राजीनामा दिला. तिच्या शेवटच्या दिवशी दुपारी, टूर नसताना, ती मला त्या खोलीत घेऊन गेली. रामफल दाराशी होते. मी त्यांना म्हटलं, आज दार सताड उघडं ठेवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मी दाराजवळच्या ओल्या फरशीवर बसले. साडी भिजली. देविका माझा हात घट्ट धरून शेजारी.

पाकटी वळल्या. नाकं वर काढली.

पंप थांबले...

“ये... इथे...”

अगदी माझ्या कानाशी. त्या आवाजात ना राग होता, ना काही. वाट बघून बघून माणसाचा आवाज जसा कोरा होतो, तसा.

कुणी हाक मारली तर आपण काय म्हणतो? घरात, लहानपणापासून, हातातलं टाकून, काय म्हणतो?

“आले,” मी म्हटलं. “आले गं. आले.”

खूप वेळ काहीच नाही.

मग माझ्या दुसऱ्या हातावर, जो मोकळा होता त्याच्यावर, काहीतरी गार टेकलं. सपाट. आणि सरकून गेलं.

पाकटी एकेक करून भिंत सोडून हौदाच्या तळाशी बसल्या.

आणि मागचं दार, स्टाफचं, जे आपोआप लागतं... ते आपोआप उघडलं. तिकडून आवाज आला. हळू. उंबऱ्यात थांबून, मागे वळून म्हटल्यासारखा.

“येते.”

दार लागलं. पंप सुरू झाले.

देविका रडत होती. मी रामफलकडे बघितलं. ते दारात उभे होते, किल्ली हातात. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावरचं ते नेहमीचं हसू अर्धं येऊन थांबलं होतं.

“बहनजी,” ते म्हणाले. “ये तो... ये तो अलग था.”

मी देविकाचा हात धरून उठले.

“रोज़ वाला ये नहीं था. होली से पहले वाली शाम... वो भी ये नहीं था.” त्यांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. “तो वो क्या बोल रही थीं?”

मी इतके दिवस त्यांच्यापासून लपवलं होतं. आणि ती स्वतःच सांगून गेली होती, एका शब्दात. खरं ‘येते’ ऐकवून.

मी त्यांना सांगितलं. काय करणार? विचारत होते.

त्यांनी कुलूप आणि किल्ली फरशीवर ठेवली, मफलर नीट केला आणि निघून गेले. पुन्हा ते तिथे कामाला गेले नाहीत, असं देविकाला कळलं. कुठे आहेत, कुणाला माहीत नाही.

टूर अजून चालू आहे. गुलाबी दिवे अजून तिथेच. नवीन गाइड लोकांना ओरडायला लावते. आतला हँडल अजून बसवलेला नाही. तुमच्यापैकी कुणी गेलंच, तर तो शब्द ओरडू नका. आधी दाराच्या आत बघा, कुणी राहिलंय का.

मी पोलिसांकडे गेले होते. ते म्हणाले, मॅडम, अटॅक का केस है, काग़ज़ पे लिखा है.

तिचं काय झालं असेल, असं मला सगळे विचारतात. सुटली असेल, शांत झाली असेल, असं लोकांना ऐकायचं असतं. मला नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की ती त्या दाराने बाहेर पडली आणि पडताना ‘जाते’ म्हणाली नाही.

आमच्यात म्हणतच नाहीत.

कुणाकडे येणार, ते ती बोलली नाही. मला विचारलं असतं, तर मॅनेजरच्या घरचा पत्ता मी लिहून दिला असता, लिफ्ट कुठे आहे त्यासकट.

पण मला तिने विचारलं नाही. आणि तिथे ‘आले’ म्हणणारी मी एकटीच होते.

परवा देविका सकाळी निघाली. दारात मागे वळून, हळू, अगदी बरोबर म्हणाली, “येते हं, मावशी.” मी ‘ये’ म्हटलं, दार लावलं, आणि वळले.

तर आतून, न्हाणीघराच्या बंद दारामागून, कुणीतरी म्हणालं...

“आले.”